टाळ्या थांबवायच्या कुणी?

स्कोग्डालच्या खोऱ्यात कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'बघू' म्हणतात. 'वेगळंच आहे हां' म्हणजे घास घशाखाली उतरत नाही, 'वाईट नाही' म्हणजे जन्मात इतकं चांगलं चाखलं नव्हतं, आणि 'बघू' म्हणजे विषय संपला, आता हा बटाटा घे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांमध्ये नॉर्वेहून आलेली ही माणसं चार पिढ्या गाई पाळताहेत, आणि चार पिढ्यांत त्यांच्यात एकही भांडण झालेलं नाही. नुसते अबोले झाले.

त्यामुळे सिग्ने टॉलेफ्सननं जेव्हा जेवताना सांगितलं की विद्यापीठातले ऑनर्सवाले जानेवारीपासून सहा महिने एका तुकडीला इटलीत, बोलोन्याला शिकायला नेताहेत आणि त्यात माझं नाव आलंय, आणि तिचे वडील अर्लिन ताटावरची नजर न काढता 'बघू' म्हणाले, तेव्हा विषय संपल्याचं तिला कळलं. तशी ती एकोणीस वर्षांची होती, स्वतःची सही स्वतः करू शकत होती. पण आईच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून शनिवार-रविवारी धारांना वडलांच्या जोडीला तीच असायची. बापाला त्याच्या मनाविरुद्ध गोठ्यात एकटं टाकून विमानात बसायचं तिच्या जिवावर आलं असतं. अर्लिन खुशीनं 'जा' म्हणाले तरच बोलोन्या, नाहीतर बोलोन्या भिंतीवरच्या नकाशातच बरं.

आठवडाभर त्या विषयावर कुणी बोललं नाही. मग एका संध्याकाळी गोठा धुता धुता अर्लिन नळाशी बोलावं तसे बोलले, ''ते ऑनर्सवाले संस्कृती संस्कृती म्हणतात, ती असते तरी काय? एकदा बघायला हवी.''

सिग्नेचं काळीज लक्कन हललं. हे 'बघायला हवी' त्या 'बघू'पेक्षा निराळं होतं. येत्या रविवारी दुपारी विद्यापीठाच्या सभागृहात पियानोचा कार्यक्रम होता, आणि ऑनर्सच्या पोरांनी आपापल्या घरच्यांना घेऊनच यायचं असा हुकूम सुटला होता. तिनं लगेच सांगितलं, दोनला सुरू होतं, साडेतीनला संपतं, पाचच्या धारांना तुम्ही आरामात घरी. अर्लिन म्हणाले, मग ठीक. ते तेवढ्यावर इतक्या पटकन 'ठीक' म्हणाले की सिग्नेला रात्रभर स्वप्नं पडली ती सगळी इटलीची.

ऑनर्सचं, म्हणजे निवडक हुशार पोरांच्या त्या वर्गाचं, असं होतं की तिथं नुसते मार्क आणून भागत नसे. पोरांची मनंही समृद्ध व्हायला हवीत असा डॉक्टर वेन्झेलबाईंचा आग्रह होता, आणि ऑनर्स म्हणजे वेन्झेलबाई. सत्रभर सांस्कृतिक कार्यक्रमांना हजेरी लावायची आणि मग बाईंच्या घरी सूप पिताना त्यावर बोलायचं. सिग्नेनं असा एक सिनेमा पाहिला होता की त्यात एक माणूस शेवटपर्यंत सायकल दुरुस्त करतो आणि ती होत नाही. असं एक नृत्य पाहिलं होतं की त्यात नाचणारे नाचलेच नाहीत. चाकावर मातीचा वाडगा करायला ती शिकली होती. तो वाडगा आईनं कौतुकानं ओट्यावर ठेवला होता, पण त्यात अंडं ठेवलं की वाडगाच कलंडायचा. खोऱ्यातली माणसं याला काय म्हणाली असती ते सांगायला नको. पण सिग्नेला हे सगळं मनापासून आवडायचं. जगात आपल्याला न कळणारं इतकं काही आहे, याचा तिला आनंद व्हायचा.

वेन्झेलबाई मूळच्या फिलाडेल्फियाच्या. वीस वर्षं इथं काढूनही लोक बोलतात तेच त्यांच्या मनात असतं असा त्यांचा समज होता, आणि तो दूर करायचं धाडस कुणी केलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेनं एक कवी बोलावला तो नेमका हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी. निम्मं सभागृह रिकामं. आलेले होते ते मध्यंतरात 'बर्फ पडेलसं दिसतंय' म्हणत एकेक करून सटकले. उरलेल्या कविता कवीनं खुर्च्यांना वाचून दाखवल्या. गाढवापुढे वाचली गीता असं तो म्हणाला नाही, कारण सभ्य होता. पण त्यानं निघताना बाईंचा हात ज्या सहानुभूतीनं दाबला ती त्या विसरू शकल्या नाहीत.

म्हणून या खेपेस त्यांनी पोरांना आठवडाभर तयार केलं. कलाकार रंगमंचावर असेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. कार्यक्रम संपला की उभं राहायचं. उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि मनापासून वाजवायच्या. तुमचे आईवडील तुमच्याकडे बघूनच वागतील, असंही त्या म्हणाल्या, आणि हे त्यांचं शंभर टक्के खरं ठरलं.

सिग्नेकडे पाहुण्याची सरबराई होती. शनिवारी विमानतळावरून पाहुण्याला तीच घेऊन आली. पियानोवादक ल्युबेन काराजोव्ह बल्गेरियाचे. साठी उलटलेली, पांढऱ्या मिशा, गुडघा दुखरा. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं की तुमच्याकडचे श्रोते कसे आहेत? सिग्ने म्हणाली, फार चांगले लोक आहेत. काराजोव्ह खिडकीबाहेर मक्याच्या कापलेल्या शेतांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले की गेल्या आठवड्यात शिकागोत शेवटचा सूर विरायच्या आत लोक कोट चढवायला लागले होते. एवढ्या वर्षांत आपल्याला असं कधी झालं नव्हतं, वाटलं आता पुरे, घरी जावं. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की सिग्नेला आपल्याच कुणी त्यांचा अपमान केल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, ''आमच्याकडे असं होणार नाही, सर. आमच्याकडे कुणी आधी उठत नाही.''

रविवारी सभागृह गच्च भरलं. अख्खं खोरं लोटलं होतं. लग्नाला आणि मयताला घालायचे कोट बाहेर निघाले होते. चर्चमधल्या बायकांनी मागच्या दाराशी टेबलं मांडून कॉफीचं मोठं पातेलं, हॅम घातलेले पाव आणि खजुराच्या वड्या मांडल्या होत्या; कार्यक्रम संपल्यावर खायचं. अर्लिन पहिल्याच रांगेत, सरबराईवाल्या पोरीचे वडील म्हणून. पशुखाद्याच्या कंपनीची टोपी मांडीवर, त्यावर दोन्ही हात. सिग्ने शेजारी. ती पियानो कमी आणि बापाचा चेहरा जास्त बघणार होती.

काराजोव्ह आले, वाकले, बसले आणि वाजवायला लागले. अर्लिन पहिली पाच मिनिटं छताकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली आली आणि त्या माणसाच्या हातांवर जी खिळली ती खिळलीच. मध्ये एकदा सिग्नेकडे झुकून ते कुजबुजले, ''माणूस कामाचा आहे.'' खोऱ्यात याच्यावर पदवी नाही.

साडेतीनच्या सुमारास शेवटचा तुकडा संपला. पहिल्या चार रांगांतली ऑनर्सची पोरं ठरल्याप्रमाणे ताडकन उठली. त्यांच्या मागे आईबाप उठले. आणि खोटं कशाला सांगा, मनापासून उठले, कारण वादन सुरेखच झालं होतं. काराजोव्ह तीनतीनदा वाकले, आत गेले, टाळ्या चालूच म्हणून बाहेर आले, आणि त्यांनी एक छोटीशी चीज आणखी वाजवली. लोक पुन्हा उठले. टाळ्या पहिल्याइतक्याच. अर्लिन मान हलवत होते. इथं जर सगळं संपलं असतं, तर सिग्नेनं त्याच रात्री बॅग भरायला घेतली असती.

पण संपणार कसं? काराजोव्ह आत गेले तरी टाळ्या चालूच राहिल्या. मागच्यांच्या टाळ्या चालू होत्या कारण पुढच्यांच्या चालू होत्या. पुढच्या पोरांच्या चालू होत्या कारण कडेला उभ्या असलेल्या वेन्झेलबाई वाजवत होत्या. आणि वेन्झेलबाई वाजवत होत्या कारण अख्खं सभागृह थांबायला तयार नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दिवे लावणाऱ्याला त्यांनी हातानं खूण केली, टाळ्या थांबल्याशिवाय लावू नकोस. तिकडे पडद्याआड काराजोव्हना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. ते बाहेर आले, छातीवर हात ठेवला आणि पुन्हा बसले.

आपल्याकडच्या नाट्यगृहात 'वन्स मोअर' ओरडणारा निदान स्वतःच्या हौसेनं ओरडतो. इथं हौस कुणालाच उरली नव्हती. पण पहिला हात थांबवायचा कुणी? जो थांबेल त्यानं पाहुण्याला तोंडावर 'पुरे' म्हटल्यासारखं होणार. खोऱ्यात सगळ्यांसाठी मध्ये ठेवलेल्या ताटातला शेवटचा तुकडा उचलायलाही कुणी धजत नाही. तो तुकडा तिथंच वाळतो आणि कुत्र्याला जातो. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, एवढाच प्रश्न होता, आणि सभागृहात सगळे उंदीर होते. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती त्या दिवशी तीनशे जणांच्या तळहातांवर बसली होती.

तिसऱ्यांदा वाजवून झालं. चौथ्यांदाची चीज मोठी होती, तिला तीन भाग होते, आणि दुसऱ्या भागानंतर आशेनं उठलेल्या काही जणांना पुन्हा खाली बसावं लागलं. मागच्या दाराशी चर्चच्या बायकांनी पावांवर फडकं टाकलं. दोन रांगा मागे बसलेले शेजारी एल्रॉय हाउगेन उभे राहिले की एका पायावर, बसले की दुसऱ्या कुशीवर होत होते. त्यांच्याकडेही ऐंशी गाई. तसं पाहिलं तर त्या सभागृहात कमीत कमी पंधरा गोठ्यांचे मालक होते आणि सगळ्यांच्या गाई एकाच वेळेला धारेला येतात. उंच खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखी झाला. नोव्हेंबरात सूर्य कुणासाठी थांबत नाही.

सिग्ने टाळ्या वाजवता वाजवता बापाच्या कानाशी लागली. ''बाबा, तुम्ही निघा. मी नंतर येते कुणाच्या तरी गाडीतून.''

''माणूस समोर उभाय, अगं.''

''पण गाई?''

''असू दे.'' अर्लिन समोर बघत, टाळ्या वाजवत म्हणाले, ''ती नवी व्यालेली आहे ना, मागच्या खणातली, तिची कास सकाळी जरा दगडासारखी लागत होती. बघू.''

हवेबद्दल बोलावं अशा सुरात ते बोलले. पण सिग्ने त्यांची मुलगी होती. गोठ्याला आग लागली असती तरी हा माणूस याच सुरात 'जरा ऊब जाणवतेय' म्हणाला असता. नवी व्यालेली कालवड, तुंबलेली कास. आणखी दोन तास गेले तर सड सुजून कायमचे जातील, हे ते जाणत होते आणि तरी टाळ्या वाजवत होते. तिनं त्यांच्या तळहातांकडे पाहिलं. लाल झाले होते. आणि मग तिला आणखी एक गोष्ट कळली, ती अशी की हे पाहुण्याकरता नव्हे, आपल्याकरता चाललंय. सरबराईवाल्या पोरीचा बाप पहिल्या रांगेतून उठून गेला असं होऊ नये, म्हणून हा माणूस आपली कालवड पणाला लावतोय. आणि हीच ती संस्कृती, जी बघून ते ठरवणार होते.

ती रांगेतून वाकून बाहेर आली आणि वेन्झेलबाईंपाशी गेली. ''मॅडम, दिवे लावायला सांगता का? लोकांना...''

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. ''बघ त्यांच्याकडे, सिग्ने. वीस वर्षं. वीस वर्षं मला वाटत होतं की यांना काहीच नको आहे. आणि ही माणसं भुकेली होती गं.''

भुकेली तर होतीच. पण हे त्या चेहऱ्यासमोर बोलायचं कसं? सिग्नेनं हळूच हात सोडवून घेतला. मग ती पडद्याआड गेली. काराजोव्ह आत्ताच वाजवून आले होते, भिंतीला टेकून पाणी पीत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. तिनं खोऱ्याच्या पद्धतीनं सुरुवात केली. म्हणाली, तुम्ही दमला असाल. ते म्हणाले, दमलोय, पण या लोकांसाठी दमायला काय हरकत आहे? ती म्हणाली, कॉफी तयार आहे, गरम आहे. ते म्हणाले, कॉफी थांबेल. ती म्हणाली, बाहेर अंधार पडायला लागलाय. ते म्हणाले, हो ना, किती सुंदर. खोऱ्यातला कुठलाही माणूस यातल्या पहिल्या वाक्याला कोट घालून गाडीत जाऊन बसला असता.

''माझे गुरू म्हणायचे,'' काराजोव्ह म्हणाले, ''लोक उभे असताना जो पियानोचं झाकण लावतो तो वादक नव्हे, सुतार. ऐकतेस ना? अजून उभे आहेत.'' आणि लंगडत पुन्हा बाहेर गेले.

इकडे आड, तिकडे विहीर. बाईंचं वीस वर्षांचं स्वप्न, या म्हाताऱ्याचा शिकागोतला घाव, आणि गोठ्यात ती मुकी कालवड. सिग्ने पडद्याआड उभी राहून ती सगळी चीज ऐकत होती आणि तिच्या मनात एकच चाललं होतं: आपण आत्ता बाहेर गेलो तर ऑनर्समधून आपलं नाव कायमचं गेलं, बाबांना खोऱ्यात मान वर करून चालता येणार नाही, आणि बोलोन्याचं तर नावच नको. कालवडीचं कुणी काही बोलणार नाही. एक वर्षाच्या आत ती खाटकाकडे जाईल आणि बाबा म्हणतील, 'असू दे.'

शेवटचा सूर विरला. तीनशे माणसांनी उठण्यासाठी गुडघ्यांवर हात ठेवले. आणि टाळ्यांचा पहिला आवाज व्हायच्या आत सिग्ने पियानोपाशी जाऊन उभी होती.

''सर, आता थांबा,'' ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याच्या दुप्पट मोठा निघाला. ''तुम्ही फार सुंदर वाजवलंत. पण या लोकांना घरी जायचंय. धारांची वेळ टळून गेलीय. गाई तुंबल्यात.''

अर्धवट उठलेले लोक अर्धवटच राहिले. काराजोव्हनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या अर्धवट उठलेल्या लोकांकडे. ''आवडलं नाही त्यांना?''

''आवडलं. पहिल्यांदा उठले ते आवडलं म्हणून. दुसऱ्यांदाही. त्यानंतर कुणाला आधी थांबायचा धीर झाला नाही म्हणून.''

काराजोव्ह उठून रंगमंचाच्या कडेला आले आणि त्यांनी लोकांनाच विचारलं, ''खरंय हे?''

असा सरळ प्रश्न खोऱ्याला चार पिढ्यांत कुणी विचारला नव्हता. तीनशे माणसांनी आपापले बूट बघायला घेतले. चर्चचे पाद्री चष्मा पुसायला लागले. कडेला वेन्झेलबाईंचे हात टाळीच्या मध्येच थांबले होते. सिग्नेच्या कानांतून वाफा निघत होत्या. कुणीही काही बोललं नाही तर ती एकटीच खोटी ठरणार होती, उद्धट ठरणार होती, आणि कुणी बोलण्याची काही शक्यता नव्हती.

मग पहिल्या रांगेत अर्लिन टॉलेफ्सन पुरते उभे राहिले. टोपी छातीशी धरून त्यांनी घसा खाकरला.

''हो,'' ते म्हणाले. ''खरंय.''

मागून एल्रॉय म्हणाले, ''हो.'' मग कुणी एक बाई म्हणाली. मग इकडून तिकडून 'हो, हो' असे पुटपुटल्यासारखे आवाज यायला लागले, जणू इतक्या वर्षांचे 'बघू' आत्ता कुठे पचले. काराजोव्हनी ते सगळे 'हो' ऐकून घेतले. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि ते हसले, मागे येऊन पियानोच्या बाकावर बसून पोट धरून हसले. म्हणाले की सकाळपासून माझ्या पोटात एक अंडं आहे, गुडघा तिसऱ्या वेळेपासून ठणकतोय, आणि मी मनात देवाची प्रार्थना करत होतो की ही माणसं आता तरी खाली बसू देत. आणि त्यांनी पियानोचं झाकण लावलं.

दिवे लागले. खोऱ्यात निरोप घ्यायचा म्हणजे दाराशी अर्धा तास जातो; त्या दिवशी पाच मिनिटांत गाड्यांचं आवार रिकामं झालं. जाता जाता लोक फडक्याखालचे पाव घेत होते, आणि एल्रॉय हाउगेननी ताटातली शेवटची वडी उचलली असं नंतर पुष्कळांनी शपथेवर सांगितलं.

वेन्झेलबाई पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसल्या होत्या. सिग्ने त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, पण तिला त्यांच्याकडे बघवेना. आपण या बाईचं काय हिरावून घेतलंय ते तिला नीट समजत होतं. ती सॉरी म्हणाली. तेवढ्यात काराजोव्ह एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात कॉफी घेऊन लंगडत आले आणि बाईंच्या शेजारी बसले. ''दोनदा खरं होतं, मॅडम,'' ते तोंड भरलेलं असताना म्हणाले. ''दोनदा ते खरोखर उठले. शिकागोत एकदाही नाही.'' त्यांनी अर्धा पाव बाईंना दिला. बाईंनी घेतला. मग म्हणाल्या, ''जा, सिग्ने. तुझे वडील थांबलेत. शुक्रवारी सूपला ये, मला यावर बोलायचंय.'' त्यांचा आवाज रागाचा होता की कशाचा, हे सिग्नेला ओळखता आलं नाही.

अर्लिननी गाडी भरधाव घरी आणली. गाईंचा हंबरडा वळणावरूनच ऐकू येत होता. कपडे बदलायला वेळ नव्हता. अर्लिन मयताच्या कोटावरच रबरी बूट चढवून आत शिरले, सिग्नेनं चांगला झगा कमरेशी खोचला. आधी ती कालवड. सिग्नेनं कोमट पाण्यानं कास शेकली, चोळली, अर्लिननी हातानंच हलके हलके पिळून पाहिलं. बराच वेळ काही येईना. मग धार लागली. दोघांनी एकदमच श्वास सोडला. त्यानंतर यंत्रं लावत दोघं एकेका गाईमागे सरकत राहिले, ते एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं, कुणी कुणाला न सांगता, नेहमीसारखे.

अर्ध्या रांगेत आल्यावर अर्लिन एका गाईच्या पाठीवरून बोलले.

''तू जाऊ नयेस असं मला वाटतं.''

सिग्नेचे हात थांबले. तिच्या जन्मात वडलांनी 'मला वाटतं' असं कधी काही म्हटलं नव्हतं.

''गाईंचं निभेल,'' ते म्हणाले. ''एल्रॉयचा पुतण्या येईल. आई आहे. पण शनिवारी तू येतेस ना, तर मला गुरुवारपासूनच बरं वाटायला लागतं. तू सहा महिने नसलीस की मग ते गुरुवारपासूनचं बरं वाटणं कुठून आणायचं?'' ते पुढच्या गाईकडे सरकले. ''हे काही कारण नव्हे. म्हणून बोललो नव्हतो.''

'मग नाही जात मी' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. आईनं म्हटलं असतं, आजीनं म्हटलं असतं. खोऱ्यातल्या कुठल्याही लेकीच्या तोंडून ते आपोआप आलं असतं आणि मग दोघांनी मिळून जन्मभर ते गिळलं असतं.

''मला जायचंय, बाबा,'' ती म्हणाली.

गाईच्या पलीकडे अर्लिननी यंत्र काढून बाजूला ठेवलं.

''मग जा,'' अर्लिन म्हणाले. त्यांनी गाईच्या पाठीवर थाप मारली. ''जा. विमानतळावर मी रडणार नाही. इथं येऊन रडेन. या काही कुणाला सांगत नाहीत.''

सिग्नेनं पुढच्या गाईच्या कुशीला डोकं टेकवलं आणि विमानतळाची वाट न बघता तिथल्या तिथं रडून घेतलं.